विमानाचे वय पाहून तिकीट काढावे का?

होटगीकर
सोलापूरहून विमाने उडू लागल्यापासून आमच्या घरात एक नवीनच चर्चा सुरू झाली आहे. पूर्वी मुंबईच्या 'सिद्धेश्वर' एक्स्प्रेसचे आरक्षण पक्के झाले की प्रश्न मिटत असे. आता कोणत्या कंपनीचे, कोणत्या प्रकारचे आणि किती जुने विमान येणार, हे मुले मोबाइलवर शोधून सांगतात. माझ्या वडिलांना पुढच्या महिन्यात मुंबईमार्गे कोचीला जायचे आहे. मुंबईपर्यंत एम्ब्रेअर १७५ हे विमान आहे. त्यापुढच्या विमानाचा नोंदणी क्रमांक भाच्याने कुठूनतरी मिळवला आणि त्याचे वय सोळा वर्षे असल्याचे जाहीर केले. तेव्हापासून आई म्हणते आहे की, एवढ्या जुन्या विमानात यांना बसवू नका.

वडील ७५ वर्षांचे आहेत आणि त्यांचा उजवा गुडघा फारसा वाकत नाही. म्हणून जाणकारांना विचारते : विमानाचे वय प्रवाशाने खरोखर पाहावे का, आणि जुन्या विमानातील आसने नव्यापेक्षा अधिक त्रासाची असतात का?

सातरस्ता
वडील ७५ वर्षांचे आणि विमान १६ वर्षांचे. काळजी खरे तर विमानाच्या आईने करायला हवी.

मंद्रूपकर
सातरस्ता यांचा विनोद बाजूला ठेवून सांगतो, वय अवश्य पाहावे. एसटीच्या खिळखिळ्या झालेल्या गाड्या जशा आडमार्गांवर पाठवल्या जातात, तशीच मोठ्या शहरांत वापरून झालेली विमाने लहान गावांच्या वाट्याला येतात, असे माझे स्पष्ट मत आहे. दक्षिणेतील एका मार्गावर मी अशाच एका विमानात बसलो होतो. माझ्या आसनाची पाठ सरळ राहत नव्हती, पुढचे टेबल एका बाजूला कलले होते आणि हाताच्या टेकणीवर चक्क चिकटपट्टी लावलेली होती. कंपनीचे नाव घेत नाही, परंतु ज्यांना एक आसन नीट ठेवता येत नाही, ते इंजिन कसे ठेवत असतील, हा प्रश्न सामान्य माणसाच्या मनात येणारच.

निवृत्त_तंत्रज्ञ
मंद्रूपकर, प्रश्न रास्त आहे, पण एसटीची तुलना येथे टिकत नाही. मी नोकरीची सगळी वर्षे मुंबईच्या हँगरमध्ये काढली आणि निवृत्तीनंतर सोलापुरात आलो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

विमानाचे वय तीन प्रकारे मोजतात : वर्षे, उड्डाणाचे तास आणि सायकल. एकदा उडून एकदा उतरले की एक सायकल होते. प्रवाशाला फक्त पहिला आकडा दिसतो. जवळच्या मार्गांवरील विमानाच्या बाबतीत आम्ही सर्वांत आधी तिसरा पाहतो. विमान वर गेले की केबिनमध्ये हवेचा दाब राखावा लागतो. बाहेरची हवा विरळ असल्यामुळे विमानाचे धड आतून ताणले जाते आणि खाली उतरल्यावर ते पुन्हा सैल होते. मुंबई-न्यूयॉर्क मार्गावरच्या विमानाला हा ताण दिवसातून एखाद्या वेळी सोसावा लागतो, तर तास-दीड तासाच्या मार्गांवर फिरणाऱ्या विमानाला तोच ताण दिवसातून सहा-आठ वेळा सोसावा लागतो. त्यामुळे दहा वर्षांचे छोटे विमान वीस वर्षांच्या मोठ्या विमानापेक्षा अधिक थकलेले असू शकते.

याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण म्हणजे २८ एप्रिल १९८८ रोजीचा हवाई बेटांवरील अपघात. अलोहा एअरलाइन्सचे बोइंग ७३७-२०० बेटाबेटांमध्ये अगदी छोट्या फेऱ्या करीत असे. १९ वर्षांत त्याच्या ८९,६८० सायकली झाल्या होत्या, तर बोइंगने रचना करताना ७५,००० सायकलींचे उद्दिष्ट धरले होते. समुद्राच्या खाऱ्या हवेत पत्र्यांचे सांधे सुटत गेले, रिव्हेटच्या ओळीत बारीक भेगा पडल्या आणि २४,००० फुटांवर छताचा मोठा भाग उडून गेला. एक हवाई सेविका बाहेर फेकली जाऊन मरण पावली. वैमानिकांनी विमान माउई बेटावर उतरवले आणि उरलेले सगळे वाचले. विमानात चढताना एका प्रवासी महिलेला धडावर भेग दिसली होती, परंतु ती कोणाला काही बोलली नाही, ही गोष्ट चौकशीत नंतर पुढे आली.

त्या अपघातानंतर जुन्या विमानांच्या तपासणीचे नियम जगभर बदलले. कोणत्या सायकलीला कोणता सांधा उघडून भोवरी-प्रवाहाच्या (धातूतील न दिसणाऱ्या भेगा विजेच्या साहाय्याने शोधणाऱ्या) यंत्राने तपासायचा, हे ठरलेले असते आणि ते टाळता येत नाही. संरचनेच्या आयुष्याला वरची मर्यादाही घालून दिलेली असते. ती ओलांडून विमान उडवण्याची परवानगी नसते. म्हणून सोळा वर्षे हा आकडा एकटा काहीच सांगत नाही.

एटीआरप्रेमी
काकांनी उत्तम लिहिले आहे. त्याला एक जोड देतो. विमानाच्या रचनेचे वय निराळे आणि त्या विशिष्ट विमानाचे वय निराळे. जून २०२५ मध्ये फ्लाय ९१ ने सोलापूर-गोवा सेवा सुरू केली, ती एटीआर ७२-६०० या पंख्यांच्या (प्रोपेलरच्या) विमानाने. एटीआर ७२ पहिल्यांदा उडाले १९८८ मध्ये, म्हणजे काकांनी सांगितलेला अपघात झाला त्याच वर्षी. '६००' ही त्याची नवी आवृत्ती असली, तरी धडाची रुंदी तीच आहे. बोइंग ७३७ ची कथा तर आणखी जुनी आहे, कारण त्याच्या केबिनची रुंदी १९५७ साली पहिल्यांदा उडालेल्या ७०७ पासून चालत आलेली आहे. त्यामुळे कारखान्यातून कालच बाहेर पडलेल्या ७३७ मध्येही एका रांगेत सहा माणसे बसवली की प्रत्येकाच्या वाट्याला साधारण १७ इंच येतात. एअरबस ए३२० चे धड थोडे रुंद असल्यामुळे तेथे १८ इंच मिळतात, मग ते विमान विसाव्या वर्षात असले तरी.

एम्ब्रेअर १७५ मध्येही सुमारे १८ इंच मिळतात आणि मुख्य म्हणजे मधले आसन नाही. दोन इकडे, दोन तिकडे. ऑक्टोबर २०२५ पासून मुंबईला स्टार एअर हेच विमान चालवते. त्यात ७६ आसने असून १२ बिझनेस वर्गाची आहेत. आरामाच्या दृष्टीने आपल्या सोलापूरकरांच्या नशिबात मोठ्या शहरांपेक्षा बरे विमान आले आहे, असे मी म्हणेन. (विमानांच्या वाटेत येणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडावी की नको, हा वाद येथे कोणी काढू नये. ती १५ जून २०२३ रोजी पडली आणि त्यावरचा वाद त्याहून जास्त काळ उभा आहे.)

हुतात्मा_प्रवासी
एवढा खटाटोप कशासाठी? वंदे भारत साडेसहा तासांत मुंबईत पोहोचवते, गुडघा लांब करता येतो आणि डब्याचे वय कोणी विचारत नाही.

सातरस्ता
@हुतात्मा_प्रवासी, पुढे कोचीपर्यंतही वंदे भारतने नेणार असाल तर होटगीकरांच्या वडिलांना तुमच्याकडेच सोपवू. धागा विमानांचा आहे.

टेरीटॉवेल
आमचा व्यवसाय अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा आहे, पण एकदा विमानांच्या आसनांसाठी कापड पुरवता येईल का, याची आम्ही चौकशी केली होती. त्या निमित्ताने जे शिकलो ते येथे सांगण्यासारखे आहे.

आपण ज्याला साधे सीट कव्हर समजतो, ते आग न धरणारे कापड असते. पारंपरिक पद्धतीत त्यात लोकर आणि थोडे नायलॉन असते, कारण लोकर सहजासहजी पेट घेत नाही आणि वितळून अंगाला चिकटत नाही. कापडाचा तुकडा उभा टांगून खालून १२ सेकंद ज्योत लावतात आणि ज्योत काढल्यावर तो किती वेळात विझतो, किती लांबीपर्यंत जळतो, हे मोजतात. गादीची परीक्षा याहून कठीण असते. फोम, आगरोधक थर आणि कव्हर यांसह संपूर्ण गादीवर तेलाच्या बर्नरची ज्वाळा २ मिनिटे सोडतात आणि तिचे वजन १० टक्क्यांपेक्षा जास्त घटता कामा नये, अशी अट असते. आमच्या मास्टरने ते ऐकून तेथेच हात जोडले.

मंद्रूपकरांच्या चिकटपट्टीकडे येतो. आसनाचे आवरण फाटले, तर कंपनीला बाजारातून कापड आणून शिवून घेता येत नाही. प्रमाणपत्र असलेलेच कापड लागते आणि ज्या आसनांचे उत्पादन थांबले आहे, त्यांचे सुटे भाग महिनोन् महिने मिळत नाहीत. जुन्या विमानातील आसने कळकट का दिसतात, याचे हे एक कारण आहे. सबब म्हणून नाही, माहिती म्हणून सांगतो.

मंद्रूपकर
माहिती पटली, पण सबब म्हणूनच वापरली जाते ना? सुटा भाग मिळत नसेल तर ते आसन विकू नये. तिकिटाचे पैसे मात्र पूर्ण घेतात.

निवृत्त_तंत्रज्ञ
यावर मी मंद्रूपकरांच्या बाजूने आहे. पाठ सरळ उभी राहत नसेल, तर ते आसन प्रवाशाला देताच येत नाही, कारण आपत्तीत मागच्या माणसाची वाट अडते. तुम्ही हवाई सेविकेला तेथल्या तेथे सांगून नोंद करायला लावायला हवे होते. नोंद झाली की कोणाला तरी त्यावर सही करावी लागते, आणि सही करणारा माणूस फार सावध असतो.

मात्र आसनावरून इंजिनाचा अंदाज बांधू नका. केबिनचा खर्च आणि इंजिनाचा खर्च वेगवेगळ्या खिशांतून होतो. आसन दोन वर्षांनी बदलले तरी चालते. इंजिनातील काही चकत्या ठरलेल्या सायकलींनंतर दिसायला नव्याकोऱ्या असल्या तरी काढून टाकाव्याच लागतात.

आसनांखालची एक गोष्ट प्रवाशांना कधी दिसत नाही. जमिनीत लांबलचक रूळ असतात आणि त्यांवर एकेका इंचाच्या अंतराने खाचा असतात. आसने त्या खाचांत बसवून घट्ट करतात. व्यवस्थापनाने ठरवले, तर रांगांमधले अंतर एकेक इंचाने कमी करून विमानात एक जास्तीची रांग बसवता येते, आणि मग तेच विमान, तेवढ्याच वयाचे, गुडघ्यांना एकदम निराळे लागते. मोठ्या तपासणीच्या वेळी आम्ही सगळी आसने उतरवून गालिचा उचलत असू. रुळांच्या फटीत शेंगदाणे, नाणी, बांगड्यांचे तुकडे आणि चष्म्याच्या काड्या निघत. ते झाडून टाकले की खरे काम सुरू होई. दरवाजाजवळ, स्वयंपाकाच्या कप्प्याखाली आणि शौचालयाभोवती रूळ पांढरे पडून फुगलेले दिसत, कारण तेथे वर्षानुवर्षे चहा, कॉफी आणि पाणी झिरपलेले असे. जुन्या विमानाला सर्वांत जास्त गंज कशाने चढतो, असे कोणी विचारले तर मी पावसाचे नाव घेणार नाही, चहाचे घेईन.

चालती_बोलती
मी फिजिओथेरपिस्ट आहे, तेव्हा गुडघ्यापुरते बोलते.

होटगीकर ताई, आसनांमधल्या अंतराला पिच म्हणतात. एका आसनावरील बिंदूपासून पुढच्या आसनावरील त्याच बिंदूपर्यंतचे ते अंतर असते. स्वस्त दरांच्या कंपन्यांत ते साधारण २८ ते ३० इंच असते. पण केवळ पिच पाहून फसू नका. नव्या विमानांत आसनाची पाठ अगदी पातळ केलेली असते, त्यामुळे २९ इंचांतही गुडघ्याला जागा मिळते. मात्र गादी पातळ झाल्याने दोन तासांत कंबर बोलू लागते. जुन्या जाड आसनात याच्या नेमके उलट घडते. वडिलांची तक्रार गुडघ्याची आहे, कमरेची नाही, म्हणून त्यांना नवे पातळ आसनच अधिक सोयीचे ठरेल. माझ्या कंबरदुखीच्या रुग्णांना मी याच्या उलट सांगते.

यापेक्षा महत्त्वाचे म्हणजे बाजू निवडा. उजवा गुडघा वाकत नसेल तर 'सी' आसन घ्या. ते डाव्या बाजूचे, मार्गिकेलगतचे असते, म्हणून उजवा पाय मार्गिकेत लांब करता येतो. एम्ब्रेअरमध्ये आणि पुढच्या सहा आसनी रांगेच्या विमानातही हेच अक्षर चालेल. खाण्यापिण्याची ढकलगाडी येताना पाय मागे घ्यायला मात्र सांगून ठेवा.

एटीआरप्रेमी
संकटकालीन दरवाजाची रांग प्रशस्त असते, म्हणून ती घेण्याचा मोह होतो. पण दरवाजा उघडण्यास जो शारीरिकदृष्ट्या सक्षम नाही, त्याला तेथे बसू देत नाहीत. तेथे पैसे भरून आसन घेऊ नका, ऐनवेळी उठवतील.

गोव्याला जायचे असेल आणि आवाज सहन होत नसेल, तर एटीआरमध्ये मागच्या रांगा निवडाव्यात. पंखे पुढच्या भागाच्या शेजारी येतात, त्यामुळे तेथे घरघर अधिक असते. चढण्याची पायरी मागच्याच दरवाजाला असून ती बुटकी आहे. एक गंमत म्हणजे जमिनीवर उभे असताना उजवे इंजिन चालू ठेवून त्याचा पंखा ब्रेक लावून थांबवता येतो आणि त्यावर आतली वीज आणि हवा चालते. हे पाहून माझ्या शेजारचे आजोबा हवाई सेविकेला सांगत होते की, बाई, तुमचा उजवा पंखा बंद पडला आहे.

सातरस्ता
मला मूळ प्रश्नाचा उत्तरार्ध विचारायचा आहे. ही जुनी विमाने शेवटी जातात कुठे? एखादे स्वस्तात मिळाले तर हत्तूर रस्त्याला उभे करून आत हुरड्याची पार्टी ठेवता येईल.

एटीआरप्रेमी
प्रवासी विमान साधारण वीस-पंचवीस वर्षांनी प्रवासी सेवेतून बाहेर पडते, पण त्याचे कारण बहुधा म्हातारपण नसते, हिशेब असतो. एक मोठी तपासणी आणि दोन इंजिनांची दुरुस्ती यांचा खर्च विमानाच्या किमतीपेक्षा जास्त होऊ लागला की मालक हात वर करतो. काहींना मालवाहू केले जाते. खिडक्या बुजवून बाजूला मोठा दरवाजा कापतात. आपल्याकडे ब्लू डार्टची बोइंग ७५७ विमाने अशीच आधी प्रवासी होती. बाकीची स्पेनमधील तेरुएल किंवा ऑस्ट्रेलियातील ॲलिस स्प्रिंग्जसारख्या कोरड्या हवेच्या ठिकाणी उभी करतात, कारण तेथे गंज कमी चढतो. सर्वांत आधी इंजिने उतरतात, मग चाकांचे सांगाडे आणि यंत्रे. हुरडा पार्टीसाठी जे उरेल ते रिकामे नळकांडे असेल.

कधी एखादे विमान अनपेक्षितपणे टिकून राहते. कॅनडाच्या उत्तर भागात नोलिनॉर कंपनी अजून ७३७-२०० चालवते, कारण खडीच्या धावपट्टीवर उतरण्याची सोय त्याच जुन्या विमानाला करता आली होती. उलट, २०२० च्या महासाथीत अमेरिकेच्या डेल्टा कंपनीने एमडी-८८ आणि एमडी-९० ही दोन्ही विमाने जूनमध्ये एकाच दिवशी निवृत्त केली. ती आणखी काही वर्षे उडू शकली असती.

आणि भाच्याला हेही सांगा : २०२३ मध्ये प्रॅट अँड व्हिटनीच्या नव्या इंजिनांतील धातूच्या भुकटीत दोष आढळला. इंजिने मुदतीआधी काढून तपासावी लागली आणि जगभर नवीकोरी ए३२० निओ विमाने धावपट्टीच्या कडेला उभी राहिली. त्या काळात वेळापत्रक सांभाळले ते भाडेकरार वाढवून घेतलेल्या जुन्या ए३२० विमानांनी.

निवृत्त_तंत्रज्ञ
जुन्या ए३२० चा विषय निघाला म्हणून लिहितो. इंडियन एअरलाइन्सने १९८९ मध्ये ती आणली, तेव्हा मुख्य चाकांच्या प्रत्येक बाजूला दोनऐवजी चार चाके मागवली होती. आपल्या तेव्हाच्या कमकुवत धावपट्ट्यांवर वजन विभागले जावे, हा हेतू होता. जगात इतर कोणी तशी चाके घेतली नाहीत, त्यामुळे पुढे ब्रेकचे आणि चाकांचे सुटे भाग मिळवणे जिकिरीचे झाले. ती विमाने निवृत्त झाली त्यात हेही एक कारण होते, असे माझे मत आहे. रचना भक्कम होती. एकटेपणा महाग पडला.

मंद्रूपकर
म्हणजे लोकप्रिय विमान म्हातारे झाले तरी बरे, आणि दुर्मीळ विमान तरुण असले तरी सांभाळून, असे म्हणायचे का? हे मान्य करायला मला हरकत नाही. तरी तिकिटावर विमानाचे वय आणि आसनाचे पिच छापावे, ही माझी मागणी कायम आहे. आपण डाळिंब घेतानाही प्रत विचारतो.

चालती_बोलती
पिच छापण्याच्या मागणीला माझा पूर्ण पाठिंबा. वय छापले तर मात्र माझे रुग्ण गुडघ्याऐवजी त्याचीच चर्चा करत बसतील.

होटगीकर
सर्वांचे आभार. आईला निवृत्त_तंत्रज्ञ काकांचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. अपघाताचा परिच्छेद गाळला. दोन्ही विमानांत 'सी' आसन घेतले आहे. आता एकच अडचण उरली आहे : सोलापुरात एम्ब्रेअरच्या पायऱ्या त्यांना चढता येतील का?

निवृत्त_तंत्रज्ञ
पायऱ्यांची परीक्षा घेऊ नका. चाकांच्या खुर्चीची मागणी प्रवासाच्या किमान ४८ तास आधी कंपनीकडे नोंदवा आणि पायऱ्या चढता येत नाहीत, हे त्यात स्पष्ट लिहा. केवळ 'खुर्ची हवी' एवढेच लिहिले तर ती विमानाच्या पायथ्याशी आणून थांबवतात. मुंबईत विमान बदलताना दुसऱ्या कंपनीचे तिकीट असेल, तर तेथेही वेगळी नोंद करावी लागेल. एका कंपनीची नोंद दुसरीकडे आपोआप जात नाही. आणि दोन विमानांमध्ये तीन तासांपेक्षा कमी अंतर ठेवले असेल, तर आजच बदलून घ्या.

होटगीकर
दोन तास चाळीस मिनिटे आहेत. बदलते.